बाबा असते तर

पोरांनी धंदा करावा याला हर्षदा चौगुलेची कधीच ना नव्हती. शाळकरी वयात तिनं स्वतः रस्त्याकडेला बसून करवंदं विकली होती आणि त्या पैशांतून कंपासपेटी घेतली होती. तेव्हा कुणी तिच्या पाठीवर थाप मारली नाही आणि तिला नंबरही लावला नाही. आता मात्र सरकारला आणि सरकारच्या आडून बऱ्याच जणांना पोरांच्या धंद्याचा फार पुळका आला होता. मोठ्या माणसांच्या नोकऱ्या यंत्रांनी खाल्ल्या, त्या परत आणायचं कुणाला जमेना, मग दहा-दहा वर्षांच्या लेकरांच्या डोक्यावर पाट्या देऊन 'उद्योजक व्हा' म्हणून सांगणं सोपं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

हर्षदा आजऱ्याजवळच्या शिरगोळीत राहायची आणि काजू फॅक्टरीत पाळीवर जायची. नवरा विक्रांत वायरमन होता. दोन पावसाळ्यांमागं वादळात तुटलेली तार जोडायला खांबावर चढला आणि पडून गेला. तेव्हापासून घरात ती आणि पाचवीतली लेक ओजस्वी, म्हणजे ओजू, एवढ्या दोघीच. हर्षदाचा बाणा असा की नवऱ्याच्या तेराव्यानंतर तिनं कुणाची वाटीभर आमटीसुद्धा फुकट घेतली नव्हती. कुणी भाजी धाडली तर दुसऱ्या दिवशी त्याच वाटीतून मूठभर काजू परत जायचे. गावाला हे ठाऊक होतं, म्हणून गाव तिला काही द्यायचं तर जरा आडवाटेनंच द्यायचं.

शिरगोळीच्या शाळेत दरवर्षी आनंद बाजार भरतो. पोरं घरून काहीबाही करून आणतात आणि मांडून बसतात. या बाजाराचा गावात एक नियम आहे. तो कुणी लिहिलेला नाही, पण मोडलेलाही कुणी बघितला नव्हता. पोराची पाटी भरलेली घरी जाऊ द्यायची नाही. भेळ मऊ पडलेली असो, सरबत पाणचट असो, मेथी सुकलेली असो, शेवटी कुणीतरी मोठं माणूस येतं, "राहिलंय ते सगळं बांध" म्हणतं आणि पाटी रिकामी करतं. पोरांना हे माहीत नसतं. आपणच विकलं असं त्यांना वाटतं, आणि तसंच वाटायला हवं असतं.

त्या वर्षी ओजूनं शेंगदाण्याची चिक्की केली. हर्षदाची सकाळपाळी होती, म्हणून पोरीनं गुळाचा पाक एकटीनंच केला आणि तो साफ करपवला. चिक्की झाली काळीकुट्ट, कडू आणि अशी टणक की खलबत्त्यातच फुटावी. पण बापाविना पोर पहिल्यांदा पाटी घेऊन बसलेली. अख्खं गाव रांगेनं आलं. एकेकानं तुकडा तोंडात टाकला, "झ्याक झालीया" म्हटलं आणि पुडी घेतली. हर्षदा पाळीवरून येईपर्यंत पाटी रिकामी होती आणि ओजू अंगणात नाचत होती. चाखायला म्हणून एक तुकडासुद्धा उरला नव्हता.

घोळ झाला तो इथं, कारण त्याच वर्षी पोरांच्या मनगटावर 'पारख' आली होती.

नवउद्यम प्रतिष्ठान नावाच्या संस्थेनं शाळांना फुकट वाटलेला हा निळा पट्टा. त्यामागचं विज्ञान अवघड नव्हतं. माणूस एखादी वस्तू घ्यायची ठरवतो ते त्याच्या मनाला कळायच्या आधी त्याच्या शरीराला कळतं. श्वास क्षणभर अडतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, आवाज किंचित खाली उतरतो. हात पैशाकडे जातो तो त्यानंतर. पट्ट्यातला मण्याएवढा कॅमेरा आणि माइक हे सगळं टिपायचा. वस्तू बघताना, चाखताना गिऱ्हाइकाचं मन कुठं होतं आणि पोराशी बोलल्यावर ते कुठं गेलं, या दोहोंतलं अंतर पारख मोजायची. त्या अंतराला त्यांनी 'वळण' असं नाव दिलं होतं. माल चांगला असेल तर वळण थोडंच पडतं, कारण माल आपल्या गुणानं खपतो. माल वाईट असून खपला तर वळण मोठं, म्हणजे विकणारा अव्वल. लाखो पोरांची वळणं मोजून यंत्र प्रत्येकाला शंभरपैकी एक आकडा द्यायचं. त्याला म्हणायचे उद्यमांक.

पट्ट्याला आणखी एक खोड होती. गिऱ्हाइकाचं मन वळलं की तो मनगटावर हलकेच गुरगुरायचा, मांडीवरच्या मांजरासारखा. आत्ता केलं ते बरोबर, एवढं पोराला त्यातून कळायचं. सायकलचा तोल कसा सावरायचा हे कुणी शब्दांत शिकवत नाही, ते अंगाला उमगतं. विकण्याची हातोटीही तशीच अंगात मुरेल, असा त्यामागचा विचार. वळण किती पडलं हे पारखेला अचूक कळायचं. ते का पडलं हे तिला कळायची सोय नव्हती, आणि ती असावी असं कुणाला वाटलंही नव्हतं.

तर पारखेनं त्या दिवशी काय बघितलं? एका पोरीची चिक्की माणसं तोंडात घालतायत, प्रत्येकाचं अंग आतून 'थू' म्हणतंय आणि प्रत्येक जण पुडी घेऊन जातोय. असं वळण यंत्रानं उभ्या राज्यात बघितलं नव्हतं. ओजूचा उद्यमांक आला सत्त्याण्णव.

आठवड्याभरात प्रतिष्ठानच्या केतकी सोहनी मॅडम पुण्याहून गाडी घेऊन दारात आल्या. बाई वाईट नव्हती, असं हर्षदाला तेव्हा वाटलं. त्यांनी चटईवर बसून चहा घेतला, ओजूच्या वह्या बघितल्या आणि मग हळूहळू सगळं उलगडून सांगितलं. पुण्यात त्यांची निवासी शाळा होती. सहावी ते बारावी शिक्षण, राहणं, खाणं सगळं मोफत. शाळेत पोहायचा तलाव होता. हा खर्च करायचे ते भागीदार, म्हणजे अशा पोरांत आज पैसे लावणारे लोक. त्या बदल्यात पोर मोठं होऊन जे कमवेल त्यातला एक हिस्सा चाळिशीपर्यंत त्यांचा. ओजूत पैसे लावायला माणसं आत्ताच तयार होती. फक्त सहा महिने पट्टा बांधून सराव करायचा, मग करार.

हर्षदाच्या फॅक्टरीत काजूला नंबर लागायचे, अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा. लेकीलाही असाच नंबर लागला हे तिला खटकायला हवं होतं. पण आपल्या पोरीला अख्ख्या काजूचा भाव आलेला ऐकून कुठल्या आईला राग येतो? तिनं सरावाला होकार दिला. त्या रात्री ती विक्रांतच्या फोटोसमोर बराच वेळ बसली आणि फार दिवसांनी तिला हलकं वाटलं.

मग दर आठवडी बाजारात ओजू चिक्की घेऊन बसू लागली. आता पाक हर्षदाच करायची, त्यामुळं चिक्की खरंच उत्तम व्हायची. तिला स्वतःला पाळी चुकवता यायची नाही, म्हणून शेजारच्या पारूमावशी पोरीला आपल्या भाजीच्या ढिगाशेजारी बसवून घ्यायच्या. पाटी दरवेळी रिकामी व्हायची. ओजूचं बोलणं बदललं होतं, जरा मुरलेलं झालं होतं, आणि हर्षदा म्हणायची की पोर हुशार निघाली.

एकदा फॅक्टरीचं यंत्र बिघडलं आणि दुपारीच सुट्टी झाली. लेकीला चकित करावं म्हणून हर्षदा थेट बाजारात गेली आणि कांद्याच्या गोण्यांआड उभी राहून बघू लागली. एक जोडपं ओजूसमोर थांबलं होतं. बाईनं पुडी हातात घेऊन खाली ठेवली आणि नवऱ्याला चला म्हणाली. तेवढ्यात ओजूनं मान खाली घातली. पुडीच्या कडेवरून बोट फिरवलं. थोडं थांबली आणि बारीक आवाजात म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी मला हितं बसू दिलं नसतं. पण आता..."

आणि ती गप्प झाली. ते 'पण आता' तसंच हवेत राहिलं. जोडप्यातल्या बाईचा चेहरा उतरला. तिनं चार पुड्या घेतल्या, ओजूच्या गालावरून हात फिरवला आणि डोळे पुसत निघून गेली. ओजूनं मनगटाकडं एक नजर टाकली, पुड्या नीट रचल्या आणि गाणं गुणगुणू लागली. पुढचं गिऱ्हाईक आलं तेव्हा तीच मान, तेच बोट, तोच थांबा आणि तेच 'पण आता' पुन्हा झालं.

हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण चारचौघांत पोरीला बोलायचं नाही म्हणून तिनं दात आवळून धरले. घरी जाताना वाटेत तिनं शक्य तितक्या शांतपणे विचारलं, हे असं बोलायला तुला कुणी शिकवलं. ओजूला प्रश्नच कळला नाही. शाळेतलं गणित सांगावं तसं तिनं सगळं सांगून टाकलं.

"तिथं गुरगुरतंय न्हवं का. खाली बघितलं की बारीक गुरगुरतंय. बाबांचं नाव घेतलं की लई गुरगुरतंय. आणि 'पण आता' म्हणून गप्प बसलं की सगळ्यांत जास्ती. 'पप्पा' म्हणून बघितलं, तर एवढं हुत न्हाई. खांबावरनं पडले म्हणून सांगितलं की कमी हुतंय, माणसं घाबरतात."

 विक्रांत गेला तेव्हा ही पोर चार दिवस जेवली नव्हती. आता त्याचं मरण तिनं शब्द-शब्द तोलून बघितलं होतं, कुठला तुकडा खपतो आणि कुठला पडून राहतो. आणि तिच्या चेहऱ्यावर पापाची सावलीसुद्धा नव्हती, कारण तिनं काही वाईट केलंच नव्हतं. पट्टा म्हणाला बरोबर, म्हणून तिनं केलं.

घरी पोचल्यावर ती पहिली तणतणत गेली ती पारूमावशींकडं. शेजारी बसून कानांत बोळे घातले होते का, असं तिनं विचारलं. मावशी बाजारातून येऊन भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. ऐकत होते, पण बापाची आठवण काढणाऱ्या पोरीला गप्प कसं करायचं, असं त्या म्हणाल्या. बोलता बोलता बोलणं आनंद बाजारावर गेलं, आणि चिक्की करपली होती हे हर्षदाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"माझ्या जावयाचा दात हलला त्या चिक्कीनं," मावशी म्हणाल्या. "पण बिनबापाच्या पोराची पाटी भरलेली घरी धाडायची व्हय?"

म्हणजे तो सत्त्याण्णवचा आकडा, ते पुणे, ते भागीदार, सगळं गावाच्या दयेवर उभं होतं. जिनं दोन वर्षं कुणाची वाटी रिकामी परत केली नव्हती, तिच्या घरात गावानं अख्खी पाटीभर दया ओतली होती आणि तिला पत्ताही लागू दिला नव्हता. हर्षदा मावशींना वाट्टेल ते बोलली. आम्हाला भीक घालायची गरज नव्हती, असंही बोलून गेली. मावशी एवढंच म्हणाल्या की भीक घातली न्हाई, माया केली, आणि भाजी घेऊन आत गेल्या. घरी आल्यावर हर्षदाला कळलं की मावशींचं चुकलं नव्हतं. माणसानं माणसावर माया करावी यात चूक कसली? पण ती माया मोजून, तिला गुण देऊन पोरीच्या मनगटावर ज्यांनी बांधली, त्यांचा तिला राग आला होता, आणि तो राग आता उतरणार नव्हता.

शाळेत जाऊन तिनं मुख्याध्यापक बिरंजे सरांना गाठलं. सर भला माणूस. त्यांनी लगेच कबूल केलं की चिक्की त्यांनीही घेतली होती आणि खाता आली नाही म्हणून बांधाला पुरली होती. कुत्रंसुद्धा तोंड लावेना, असं म्हणताना त्यांना हसू आलं, पण हर्षदाकडं बघून त्यांनी ते आवरलं. प्रतिष्ठानला खरं काय ते कळवतो, असं त्यांनी तिला सांगितलं आणि त्याच दिवशी कळवलंही.

सहा महिने संपले आणि केतकी मॅडम काचेची पाटी घेऊन आल्या. करारावर सही नव्हती करायची, पाटीवर फक्त अंगठा टेकवायचा होता. बिरंजे सर दाराशी उभे होते. ओजूचं बाजारात बसणं आईनं बंद केलं होतं, पण मॅडमना परत द्यायचा म्हणून पट्टा तिच्या मनगटावर तसाच होता. तिनं नवा फ्रॉक घातला होता. आपल्या कपड्यांची पिशवीसुद्धा तिनं भरून ठेवली होती, कारण तिला तो पोहायचा तलाव बघायचा होता, आणि त्यात तिचं काही चुकत नव्हतं.

"मॅडम, चिक्की करपलेली हुती," हर्षदानं थेट सुरुवात केली. "गावानं घेतली ती पोरीचा बाप गेला म्हणून घेतली. तुमच्या यंत्राला ह्यातलं काय कळलंय?"

"कळलंय ना, ताई. सरांनी कळवलं होतं." केतकी मॅडमचा आवाज तसाच मऊ होता. "पण लोक का घेतात यानं काय फरक पडतो? ते घेतात, एवढं खरं. मोठमोठ्या कंपन्या जाहिरातीत आई दाखवतात, तान्हं बाळ दाखवतात, सीमेवरचा जवान दाखवतात. त्यांनाही असलं काहीतरी शोधायला कोट्यवधी खर्च करावे लागतात. ओजस्वीला ते या वयात सापडलं."

"तिला सापडलं न्हाई. तुमच्या पट्ट्यानं तिला वळवत वळवत तिथं नेलं."

"तिच्यात होतं तेच वर आणलं, असं म्हणू या."

हर्षदा उठून उभी राहिली. तिला ओरडायचं नव्हतं आणि ती ओरडलीही नाही. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात असं ऐकलं हुतं. ते लोणी काढायला लेकराच्या हातात चमचा देणारी आज बघितली."

 केतकी मॅडमनी पाटी मिटायला घेतली. आणि तेव्हा ओजू पुढं आली. तलाव हातचा जातोय हे तिला दिसत होतं. ती आईसमोर उभी राहिली, तिनं मान खाली घातली आणि फ्रॉकच्या कडेवरून बोट फिरवलं.

"आई, बाबा असते तर त्यांनी मला धाडलं असतं. पण आता..."

हर्षदाचा श्वास अडकला. सगळं ठाऊक असूनही अडकला. विक्रांत पोरीला खांद्यावर घेऊन यात्रेत फिरायचा, ते तिच्या डोळ्यांपुढं आलं. आपण कोण पोरीची वाट अडवणार, असं मनात आलं, आणि तिचा हात त्या काचेच्या पाटीकडं गेला. तेवढ्यात शांत खोलीत तो बारीक आवाज सगळ्यांना ऐकू आला. पट्टा गुरगुरत होता. ओजूची नजर मनगटाकडं गेली आणि तिच्या ओठांच्या कडेला हसू आलं. जमलं, असं ते हसू होतं.

हर्षदानं हात मागं घेतला. "पट्टा काढ," ती म्हणाली.

ओजूनं पट्टा काढून चटईवर ठेवला. मनगटावर पांढरा पडलेला एक गोल चट्टा होता.

"आता म्हण. बाबांनी धाडलं असतं तुला?"

ओजूनं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं मान खाली घालून बघितली, बोट फिरवून बघितलं. बरोबर की चूक ते सांगायला मनगटावर काही नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मला ठाऊक न्हाई." आणि आईकडं अशी बघायला लागली, जणू स्वतःच्याच उत्तराची तिला भीती वाटली होती.

हर्षदानं पट्टा उचलून केतकी मॅडमच्या हातात ठेवला आणि दार दाखवलं. उंबऱ्यापाशी मॅडम वळल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजातली साखर जरा कमी झाली होती. "तुमची मर्जी, ताई. पण एक सांगते. पारख सगळ्या पोरांकडून शिकते आणि सगळ्यांना शिकवते. नव्या पट्ट्याला आवाजसुद्धा आहे, तो कानात सांगतो. ओजस्वीची पद्धत त्यात गेलीय आणि ती कुठं कुठं पोचेल, सांगता येत नाही. फक्त त्यातलं तिला काही मिळणार नाही, एवढं तुम्ही केलंत."

ते काढून टाका, हर्षदा म्हणाली. तसं काढता येत नाही, आमटीत विरघळलेलं मीठ परत काढता येतं का, असं विचारून बाई गाडीत बसली.

हर्षदा गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. तालुक्याच्या कचेरीत गेली, पोलिसांत गेली. फिर्याद लिहून घेणाऱ्यानं विचारलं, चोरीला गेलंय ते नेमकं काय? तिनं सांगितलं, माझी पोर बोलता बोलता थांबते ते. त्यानं पेन खाली ठेवलं आणि तिला पाणी दिलं. गावात ही बातमी फिरली, आणि त्यानंतरच्या आनंद बाजारात जे झालं ते तर कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पोरांच्या मनगटांवर पट्टे होते आणि माणसं हात बांधून लांब उभी होती. आपण माया केली तर यंत्र ती पोराला शिकवेल, या भीतीनं कुणी 'राहिलंय ते सगळं बांध' म्हणेना. गावात माया करायची चोरी झाली. त्या वर्षी शिरगोळीत पहिल्यांदा पाट्या भरलेल्या घरी गेल्या आणि पोरं वाटेनं रडत गेली.

ओजू त्या काळात फार बोलायची नाही. बोलता बोलता मध्येच थांबायची वेळ आली की चटकन वाक्य पुरं करून टाकायची. बाबांचं नाव तर तिनं घेणंच सोडलं होतं.

कुणीतरी कोल्हापूरच्या एका वकिलाचं नाव सांगितलं, म्हणून हर्षदा ओजूला घेऊन कोल्हापूरला गेली. वकिलानं सगळं ऐकून घेतलं आणि बापाच्या आठवणीवर कुणाची मालकी असते असा कायदा अजून झालेला नाही, असं सांगून त्यांना परत पाठवलं. दोघी स्टँडवर आल्या. आजऱ्याची गाडी लागायची होती. फलाटाच्या कडेला एक सहा-सात वर्षांची पोर उदबत्त्या मांडून बसली होती. दोन वेण्या, लाल रिबिनी आणि मनगटावर नवा निळा पट्टा. तिच्या मागं एक तरणाताठा माणूस उदबत्त्यांचं खोकं सांभाळत कौतुकानं बघत होता.

"ताई, उदबत्ती घ्या की. घरी केल्या," पोर ओजूला म्हणाली.

ओजूनं नको म्हणून मान हलवली आणि ती पुढं निघाली. तशी त्या पोरीनं मान खाली घातली. पुड्याच्या कडेवरून बोट फिरवलं. थोडी थांबली आणि बारीक आवाजात म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी मला हितं बसू दिलं नसतं. पण आता..."

ओजू जागच्या जागी उभी राहिली.

हर्षदा त्या माणसाकडं वळली. "तुम्ही कोण हिचे?"

"बाप की."

"ती काय सांगतीया ऐकलासा?"

"ते व्हय," माणूस हसला. "पट्टाच शिकिवतोय ते, ताई. पयल्यांदा मलाबी कसंतरी वाटलं. पण धंद्यात चालतंय. अंक किती चढलाय तिचा, इचारू नका."

"जित्या बापाला मारून चढिवलाय अंक."

"मेलोय कुठं मी?" त्यानं खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "हाय की हितं."

हर्षदाला त्याचं ते खोकं हिसकावून रस्त्यावर आपटायचं होतं. तिनं हातही उचलला होता. पण मागून आवाज आला म्हणून तिनं वळून बघितलं. ओजू रडत होती. मान खाली नव्हती, थांबणं नव्हतं, शब्द नव्हते. तोंड वेडंवाकडं झालं होतं, नाक गळत होतं, आणि ती भर स्टँडवर बापाला हाका मारत ऊर फुटेस्तोवर रडत होती. आजूबाजूची माणसं थांबून बघू लागली. हर्षदानं तिला छातीशी धरलं, पण ती थांबेना.

उदबत्तीवाली पोर आधी घाबरली. मग तिच्या मनगटावरचा पट्टा गुरगुरू लागला, जोरात, थांबायचं नाव न घेता. तिनं पट्ट्याकडं बघितलं, मागं बापाकडं बघितलं. बापानं हसून मान डोलवली. तसा तिचा चेहरा खुलला आणि तिनं उदबत्तीचा पुडा ओजूपुढं धरला.

"घ्या की, ताई," ती म्हणाली. "किती देऊ?"